आडवी फळी

भिंतीचा फोटो काढायचा, त्याला काच लावायची, चारी बाजूंनी लाकडी पट्टी बसवायची आणि तो परत नेऊन भिंतीवरच टांगायचा! मिस्त्रींच्या बायकोला हा प्रकार काही केल्या पचनी पडेना. "भिंतीवर भिंत," एवढंच ती म्हणाली आणि मग दिवसभर जिन्यानं वर-खाली करताना स्वतःशीच हसत राहिली.

जिन्याच्या खाली लेकीचं फ्रेमचं दुकान, वर तिघांचं घर. लेक चाळिशीला टेकली तरी घरात तिचं नाव छोटीच. दहा वर्षांत छोटीनं या दुकानात काय काय म्हणून चौकटीत बसवलं नव्हतं? लग्नाचे फोटो, शाळेची प्रमाणपत्रं, कुणाच्या आजोबांच्या भरघोस मिशा, रेशमी दोऱ्यानं भरलेले मोर, एकदा तर कुणाच्या तरी बाळाचा पहिला बूट. पण एकाच गिऱ्हाइकाचे बारा मोठे फोटो, सगळे प्रदर्शनात लागणारे, असं काम पहिल्यांदाच आलं होतं. छोटी तीन दिवस जमिनीवर नव्हती.

काम आणणारी फोटोग्राफर बाई भारी हौशी. पन्नास वर्षांपूर्वी शहरात नव्या धर्तीच्या इमारती उठल्या होत्या. नक्षी नाही, कमान नाही, गिलावासुद्धा नाही, नुसतं उघडं काँक्रीट आणि सरळ रेषा. त्या काळी लोकांनी नाकं मुरडली, "पैसे संपले वाटतं मधेच" म्हणाले. आता त्याच इमारतींमागे ही बाई तीन वर्षं कॅमेरा घेऊन हिंडली होती. बसस्थानकाचं छत, पाण्याची टाकी, पोहण्याच्या तलावाचा गरगरत वर जाणारा जिना, कचेरीच्या एकसारख्या शंभर खिडक्या, सगळं काळं-पांढरं.

"लोकांना घरात लावायला फार आवडतात हो हल्ली," ती छोटीला सांगत होती. "सोफ्याच्या वर, दवाखान्यात, ऑफिसात. शनिवारी पाच वाजता वाचनालयात प्रदर्शन उघडतंय. हे बारा नीट झाले तर पुढचे सगळे तुमच्याचकडे. फक्त काम चोख हवं."

"चोख?" छोटीनं मान अशी काही उडवली की बास. "मॅडम, माउंट माझे बाबा कापतात."

दुकानाच्या मागच्या भागात पुठ्ठे रचत बसलेले मिस्त्री हे ऐकून दोन बोटं उंच झाले.

माउंट म्हणजे फोटो आणि फ्रेम यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची जी पांढरी चौकट असते, ती. दिसायला सोपी, आणि तिथंच भले भले गारद होतात. कटर तिरका धरायचा, एका दमात ओढायचा आणि कोपऱ्यात केसभरही पुढं जाऊ द्यायचा नाही. मिस्त्रींनी पन्नास वर्षं सुतारकाम केलेलं. करवत सुटली, कटर हातात आला, नजर तीच राहिली. कामावरची माणसं त्यांना पाठीमागं 'गुण्या' म्हणायची. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण मिस्त्रींना सगळं ठाऊक होतं आणि आतून गुदगुल्याही व्हायच्या. घरात तर विचारूच नका. टेबल डगमगलं तर जमीन वाकडी असणार, दार अडलं तर हवा दमट असणार. मिस्त्रींचं माप चुकणं कसं शक्य आहे?

त्या संध्याकाळी बापलेक मोठ्या टेबलावर एकेक फोटो उलगडून बघत होते. छोटी माप घ्यायची, वहीत टिपायची, चिठ्ठीवर उतरवायची, चिठ्ठी फोटोच्या पाठीला चिकटवायची. मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून "वा!" म्हणायचे. टाकीला "वा!" झालं. जिन्याला "वा, वा!" झालं. नववा फोटो उलगडला आणि मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा झटकन डोळ्यांवर ओढला.

वाचनालयाची भिंत होती. वाचायच्या खोलीतली, बाकाच्या वरची. काँक्रीटवर वरपासून खालपर्यंत लाकडाच्या फळ्यांचे उभे ठसे उमटलेले. रेष न् रेष, गाठ न् गाठ दिसत होती, जणू भिंत लाकडाचीच. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, त्या सगळ्या उभ्या फळ्यांच्या शिस्तीत, एक आडवी फळी. निर्लज्जासारखी लोळत पडलेली. तिच्या मधोमध एक गाठ, आणि तेवढीच गाठ का कोण जाणे चमकत होती.

"ही बघा गंमत," छोटी म्हणाली. "ही एकच आडवी आहे. मुद्दाम केलं असेल का हो?"

"असेल," मिस्त्री म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

मुद्दाम कसलं डोंबलाचं! ती फळी मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं ठोकली होती, सेहेचाळीस वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी संध्याकाळी, आणि तेव्हापासून आजवर त्यांनी त्या वाचनालयात पाऊल टाकलं नव्हतं.

झालं होतं असं. मिस्त्री तेव्हा चोवीस वर्षांचे. काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचा साचा उभा करायचा, आठ दिवसांनी तो काढून घ्यायचा, हे त्यांचं काम. एरवी त्यावर गिलावा बसतो, साचा कसा का असेना, झाकून जातो. इथं गिलावा द्यायचाच नव्हता. फळी जशी, भिंत तशी. आर्किटेक्ट बाईंनी बजावून सांगितलं होतं, "सगळ्या फळ्या उभ्या. एकही अपवाद नको." मिस्त्रींनी तीन आठवडे एकेक फळी निवडून, रंधा मारून, ओळंबा लावून उभी केली. शेवटचा कोपरा राहिला. तिथल्या तीन फळ्या खालून चिरलेल्या निघाल्या. चिरलेला भाग कापून टाकला, तर खाली वीतभर जागा उघडी पडली. गोदामातून तीन लांब फळ्या आणायच्या, तासायच्या, बसवायच्या म्हणजे तासाभराचं काम. आणि घड्याळात वाजले होते साडेपाच.

सहाला बस होती. त्या बसनं समोरच्या शिवणाच्या दुकानातली मुलगी गाव सोडून मामाकडे नोकरीला चालली होती. मिस्त्री दोन महिने तिच्याकडे शर्टाला बटणं लावून घ्यायला जात होते. बटणं तरी अशी किती तुटतील माणसाची? पण रोज सकाळी हा पठ्ठ्या स्वतःच्या हातानं एक बटण उपटायचा आणि संध्याकाळी भोळा चेहरा करून दुकानात हजर व्हायचा. बोलणं मात्र बटणापुढं सरकलेलं नव्हतं. गुरुवारी तीच म्हणाली होती, "उद्या सहाच्या बसनं चालले मी."

तेव्हा मिस्त्रींनी पायाशी पडलेला एक तुकडा उचलला, उघड्या जागेत आडवा घातला, चार खिळे ठोकले आणि धूम ठोकली. म्हटलं, उद्या सकाळी लवकर येऊन नीट करू. सकाळी येऊन बघतात तो काय, काँक्रीटची गाडी पहाटेच येऊन गेलेली! भिंत ओतून तयार. आठ दिवसांनी साचा निघाला तेव्हा आर्किटेक्ट बाई त्या कोपऱ्यापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या आणि एक अक्षर न बोलता निघून गेल्या. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्या न बोलण्यानं मिस्त्रींची झोप उडाली. त्यांनी मुकादमाला गळ घालून दुसऱ्या कामावर बदली घेतली, आणि पुढं कधी त्या रस्त्यानं जायची वेळ आलीच तर त्यांना नेमकं मागच्या गल्लीत काम निघायचं.

मुलगी मात्र मिळाली. ती गोष्ट तर छोटीनं लहानपणी शंभरदा ऐकली होती. "मी धावत गेलो, ही ट्रंक घेऊन उभी. मी म्हटलं, 'जाऊ नका.' ही म्हणाली, 'बरं.' संपलं!" मिस्त्री हे छाती काढून सांगायचे आणि छोटीची आई गालात हसून कणीक तिंबायला घ्यायची. फळीचा भाग मिस्त्रींनी कधी सांगितला नाही. एक तर नाव जायचं. आणि बायकोला वाटलं असतं, माझ्यापायी यांचं काम नासलं. ते तिला वाटू द्यायची त्यांची तयारी नव्हती.

आणि आता तीच फळी काचेत बसून जगापुढं मिरवणार होती. शिवाय जिथं लागणार होती ते वाचनालयच! उद्या कुणीतरी विचारणार, "ही भिंत कोणत्या सुतारानं केली?" कुणीतरी सांगणार. मिस्त्री दोन दिवस नीट जेवले नाहीत. बायको दोनदा म्हणाली, "पोट बिघडलंय का?" गुरुवारी ती नेहमीप्रमाणे पुस्तकांची पिशवी घेऊन बाहेर पडली, छोटी काच आणायला गेली, आणि दुकानात मिस्त्री एकटे उरले.

त्यांनी नववा माउंट पुढ्यात घेतला. आता बघा, हातचलाखी करायची तर तीही सुतारानंच करावी. माउंटची खालची बाजू नेहमीच बोटभर जास्त रुंद ठेवतात, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. मिस्त्रींनी बोटाऐवजी पाच बोटं ठेवली. फोटोला हात लावला नाही, तेवढं पाप त्यांच्या हातून झालं नसतं. फक्त पांढरा पुठ्ठा जरा वर आला आणि आडवी फळी त्याच्याखाली गडप झाली. काच बसली, पट्टी बसली, पाठीमागून चिकटपट्टी लागली. कोपरे असे जुळले होते की नख शिरलं नसतं. भिंत आता वरपासून खालपर्यंत उभ्या फळ्यांची होती, जशी सेहेचाळीस वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. मिस्त्रींनी ती डोळे भरून पाहिली आणि त्या दिवशी दोन वेळचं एकदम जेवले.

शनिवारी सकाळी दहाला फोटोग्राफर बाई टेम्पो घेऊन आली. बाराही फ्रेमा दुकानभर मांडलेल्या. बाई एकेकीपुढं उभी राही, वाके, मागं सरके आणि म्हणे, "काय सुरेख!" छोटीचा चेहरा नुसता फुलून आला होता. आठ झाले. नवव्यापुढं बाई थांबली. वाकली. आणखी वाकली.

"माझी फळी कुठाय?"

"कोणती फळी?" छोटी म्हणाली.

"अहो, आडवी फळी! त्या फळीसाठी तर मी हा फोटो काढलाय. अकरा वेळा गेले मी त्या वाचनालयात. चार वाजता ऊन त्या गाठीवर येतं, ती चमकते. का चमकते देव जाणे, काँक्रीट कधी चमकतं का? या फोटोवरच प्रदर्शन उभं आहे माझं, आणि तुम्ही फळीच खाल्लीत?"

छोटीनं फ्रेम उचलून बघितली. तिचा आधी विश्वास बसेना. मग ती म्हणाली, "मॅडम, बाबांचं माप चुकत नाही. काही झालं तरी नाही. दिलेल्या मापाचंच काम झालं असणार." तिनं मापांची वही काढली, पानं उलटली, आणि एकदम तिचा आवाज उतरला. "इथं तर बरोबर लिहिलंय. मग... मग पाठीवरच्या चिठ्ठीवर मीच चुकीचं उतरवलं असेन. माझीच चूक. मला माफ करा, मॅडम. मी इतक्या गडबडीत होते..."

"मला वाटलं होतं तुम्हाला काम झेपेल," बाई म्हणाली. ओरडली नाही, हेच जास्त लागणारं होतं. "पुढच्या फोटोंचं मग बघू आपण."

छोटीचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांची बाई, दहा वर्षं दुकान चालवलेली, आणि न केलेल्या चुकीची माफी मागत मान खाली घालून उभी. मिस्त्रींच्या काळजात चर्र झालं. सेहेचाळीस वर्षं जपलेलं नाव एका पारड्यात आणि ही खाली घातलेली मान दुसऱ्या पारड्यात. तोलायला वेळच लागला नाही.

"छोटीनं माप बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "मी पाच बोटं जास्त ठेवली."

"बाबा?"

"मुद्दाम ठेवली. ती फळी दिसू नये म्हणून." मिस्त्रींनी कटर टेबलावर ठेवला. "ती मी लावलीय. चुकून नाही, आळसानं. नाही, आळसानंही नाही. घाईनं."

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. चिरलेल्या फळ्या, साडेपाच वाजलेले, सहाची बस, पहाटे आलेली काँक्रीटची गाडी, न बोलता गेलेल्या आर्किटेक्ट बाई. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की बायको चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी आहे. आता काय, सांडलं ते सांडलं. ते तसेच शेवटपर्यंत बोलले.

मग फोटोग्राफर बाई स्टुलावर मटकन बसली. "दोन पानं," ती क्षीण आवाजात म्हणाली. "दोन पानं लिहिलीत हो मी त्या फळीवर! पुस्तिका छापायला जायचीय." तिनं बॅगेतून कागद काढला आणि वाचला, "'या एकाच आडव्या रेषेतून कलावंतानं धावत्या जगाला विसावा देऊ केला आहे.'"

"विसावा?" मिस्त्री म्हणाले. "बाई, मला मरणाची घाई होती हो!"

पहिली छोटी फुटली. डोळ्यांत पाणी आणि तोंडानं हसू, तिला आवरेना. मग बाई हसायला लागली, ती इतकी की चहाचा कप धरवेना. हसण्याचा भर ओसरल्यावर छोटी बापाकडं बघत म्हणाली, "म्हणजे बाबा, ती फळी तुम्ही उभी बसवत राहिला असतात तर आई गेली असती. आणि मी नसतेच!"

"नसतीसच," मिस्त्री म्हणाले. हे त्यांच्या आजवर डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी घाबरत घाबरत बायकोकडे पाहिलं. ती ट्रे टेबलावर ठेवत होती. "चहा निवतोय," एवढंच ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मिस्त्रींना वाचता येईना. लागलं असेल बिचारीला, असं वाटून त्यांना चहा गोड लागला नाही.

बाईनं दोन पानांचा बोळा केला. "काका, आता तुम्हीच सांगा, फोटोखाली काय लिहू?"

मिस्त्रींनी विचार केला. "लिहा, सुताराला सहाची बस गाठायची होती."

बाईनं तेच लिहून घेतलं. मग मिस्त्रींनी नवा पुठ्ठा काढला. नववी फ्रेम उघडली, चिकटपट्टी सोडवली, काच उतरवली आणि दिलेल्या मापानं माउंट नव्यानं कापला. बाई मान पुढं काढून बघत होती. कटर एका दमात फिरला, चौथा कोपरा सुटला, मधला पुठ्ठा आपोआप खाली पडला. "बाप रे," बाई म्हणाली. "पुढचे तीस फोटो पुढच्या महिन्यात आणते." छोटीनं बापाच्या पाठीवर असा धपाटा घातला की मिस्त्रींचा चष्मा नाकावर आला.

दुपारी चारलाच तिघं वाचनालयात पोचले. मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, सगळी बटणं जागेवर. दारात आल्यावर ते पायपुसण्यावर चपला घासत राहिले. सेहेचाळीस वर्षं मागच्या गल्लीतून गेलेला माणूस, आज पुढच्या दारातून जायचं म्हणजे सोपं नव्हतं. पण बायको मागं वळूनही न बघता सरळ आत शिरली, आपल्याच स्वयंपाकघरात शिरावं तशी.

पुस्तकांच्या टेबलामागचा माणूस तिला बघून उठला. "अहो आजी, आज शनिवार! गुरुवार विसरलात की काय? बसा, बसा, तुमचा कोपरा मोकळाच आहे. प्रदर्शनवाल्यांना मी सांगूनच ठेवलं होतं, तिथं काही मांडू नका म्हणून."

"तुमचा कोपरा?" मिस्त्री म्हणाले.

बायको पुढं चालतच होती. ती वाचायच्या खोलीत गेली. भिंतीला लागून काँक्रीटचा लांब बाक होता. त्याच्या अगदी टोकाला, उजव्या कोपऱ्यात ती जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि सवयीनं तिचा हात बाजूला भिंतीवर गेला. आडव्या फळीवर. मधल्या गाठीवर.

मिस्त्री वाकले. सगळी भिंत खरबरीत होती, लाकडाच्या रेषा बोटांना लागत होत्या. ती गाठ तेवढी गुळगुळीत झाली होती, वापरून वापरून पाटा होतो तशी. वरच्या खिडकीतून चारचं ऊन आलं होतं आणि गाठ चमकत होती.

"तू इथं बसतेस?" त्यांनी विचारलं.

"दर गुरुवारी."

"तुला माहीत होतं? मीच ठोकलीय ते? कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच!" तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं की जणू त्यांनी चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधावा. "धावत आलात, केसात लाकडाचा भुसा, हातात हातोडी तशीच. धापा टाकत पहिलं काय बोललात? 'फळी आडवी राहिली.' मला वाटलं, हा माणूस बोलतोय तरी काय! मग वाचनालय उघडल्यावर येऊन बघितली."

"आणि 'जाऊ नका'?"

"ते तुम्ही म्हणालाच नाहीत कधी."

"काय सांगतेस!"

"फळी, हातोडी आणि भुसा. दुसरं काही नाही. आणि म्हणायची गरजही नव्हती." ती आता मात्र हसायला लागली होती, सेहेचाळीस वर्षं गालात दाबून ठेवलेलं हसू. "बस गेली होती."

"बस सहाची होती! मी पाच मिनिटं आधी पोचलो."

"पावणेसहालाच भरली आणि निघाली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, 'येताय का ताई?' मी म्हटलं, 'नाही, माझं माणूस यायचंय.'"

मिस्त्री उभेच राहिले. त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता. बस पावणेसहाला गेलेली. म्हणजे घाई नव्हतीच. म्हणजे गोदामातून तीन फळ्या आणता आल्या असत्या. तासता आल्या असत्या, ओळंबा लावता आला असता.

"मी साडेसहाला आलो असतो तर?"

"थांबले असते."

"सातला?"

"अंधार पडल्यावर दुकानात परत गेले असते. दुसऱ्या दिवशी तुम्ही बटण उपटून आलाच असतात की!"

"तुला बटणांचंही माहीत होतं?"

"अहो, बटण तुटलं तर दोरा राहतो. तुमच्या शर्टाचं कापडसुद्धा फाटून यायचं."

मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मागं छोटी आणि फोटोग्राफर बाई येऊन कधी उभ्या राहिल्या ते त्यांना कळलंही नव्हतं. बाईनं नववी फ्रेम समोरच्या स्टँडवर लावली होती, भिंतीच्या समोर भिंत, आणि फ्रेमखाली चिठ्ठी, "सुताराला सहाची बस गाठायची होती."

"बाई," मिस्त्री वळून म्हणाले, "ती चिठ्ठी चुकलीय. बस कधीच गेली होती."

"मग काय लिहू?"

"राहू द्या तीच," मिस्त्रींची बायको म्हणाली. "त्यांना ठाऊक नव्हतं ना."

"म्हणजे उगाच नासली की गं माझी भिंत," मिस्त्री म्हणाले. "उभी बसली असती."

"बसली असती," ती म्हणाली. तिचा हात अजून गाठीवरच होता. "आणि मग मी दर गुरुवारी इथं येऊन काय बघितलं असतं? उभ्या तर सगळ्याच आहेत."

मिस्त्रींनी सवयीनं खिशातली मोजपट्टी चाचपली, मग तशीच राहू दिली. "सरक जरा," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.